हवाई अंतर

मागच्या आठवड्यात आमच्या मंडळातल्या एका नव्या सुनेचा फोन आला. "काकू, जय जिनेंद्र. डोंगरात चालायला कोणतं ॲप चांगलं? की जीपीएसचं वेगळं यंत्रच घेऊ?" नवऱ्याबरोबर शिखरजीला जाऊन आल्यावर दोघांना दर रविवारी आपल्या आदिलाबादच्या आसपासचे डोंगर हिंडायचेत म्हणे.

मी म्हटलं, शिखरजीला कशाला ॲप? चढायला नऊ, वरची वंदना नऊ आणि उतरायला नऊ, असे सत्तावीस किलोमीटर. पहाटे निघालीस की पुढेमागे माणसांची रांग, डोलीवाल्यांचे आवाज, काठ्यांची टकटक. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. मांगीतुंगीला तर पायऱ्याच आहेत. पण आपल्याकडच्या डोंगरांचं विचारत असशील तर ते फोनवर सांगून व्हायचं नाही. लिहून देते.

लिहायला बसले आणि लक्षात आलं, की हे लिहायचं तर त्यात माझी एक चूक आली पाहिजे. ती मी मंडळात कधी बोलले नाही. तीन वर्षं झाली.

त्या वर्षी वर्षायोग संपवून तीन आर्यिका माताजींचा संघ नागपूरकडून हैदराबादच्या दिशेने निघाला होता. पाटणबोरीनंतर पैनगंगा ओलांडली की आपला जिल्हा. आदिलाबादेत त्यांचा मुक्काम झाला. पुढचा टप्पा निर्मलपर्यंत: गुडीहत्नूर, इच्चोडा, नेरडीगोंडा आणि मग घाट. सगळं मिळून ऐंशीएक किलोमीटर. रस्ता म्हणजे चव्वेचाळीस नंबरचा हायवे, श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा. त्यावरून रात्रंदिवस ट्रक पळतात. विहारात साधू-साध्वींना गाडीने उडवल्याची बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येतेच. आपण ती वाचतो, णमोकार म्हणतो आणि पान उलटतो. मोठ्या माताजींनी सत्तरी ओलांडलेली, एका कानाने ऐकू कमी येणारं. त्यांनीच विचारलं, "आतून वाट नाही का गं? हायवेवर नुसता आवाज. खाली बघून चालताच येत नाही."

खाली बघून चालणं म्हणजे ईर्यासमिती. समोरची चार हात जमीन बघत, जीवजंतू टाळत पाऊल टाकायचं. ट्रकच्या झोतात आणि धुळीत ते कसं जमणार?

पुरुषमंडळींचं मत हायवेचं पडलं. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, लाल झेंडा, झालं. पण माताजींनी विचारलेलं होतं, आणि मला डोंगर हिंडायची खोड आहे हे सगळ्यांना ठाऊक. कुंतल्याच्या धबधब्याच्या चारशेएक पायऱ्या मी साठीनंतरही न थांबता चढते, यावरून घरात थट्टा चालते. तेव्हा इच्चोड्याच्या पुढचे दोन टप्पे आतून नेता येतील का, ते शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सोबतीला जाऊबाई, शेजारच्या एक वहिनी आणि माझा भाचा. भाचा हैदराबादेत नोकरीला. तो आला तोच हातात एक पिवळं-काळं डबडं घेऊन. गिर्यारोहक वापरतात ते जीपीएस यंत्र.

आता त्या सुनेच्या प्रश्नाकडे येते.

आधी एक गैरसमज काढून टाकावा. "तिथं नेटवर्क नाही, मग जीपीएस कसं चालणार?" असं आपल्या बायका हमखास विचारतात. त्याचा आणि नेटवर्कचा संबंध नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सारखे आपली वेळ आणि जागा सांगत असतात. आपला फोन नुसता ऐकतो. निदान चौघांचं ऐकलं, की कुणाचा आवाज किती उशिरा पोचला यावरून तो आपली जागा काढतो. उजेड एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात जेमतेम फूटभर जातो. तेवढा बारीक हिशोब. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेने सामान्य लोकांसाठी यात मुद्दाम चूक मिसळलेली होती, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. ती काढून टाकली म्हणून आज आपल्या हातातलं यंत्र उघड्या आभाळाखाली पाच-सात मीटरच्या आत जागा दाखवतं. आता आपल्या इस्रोचे नाविक उपग्रहही आहेत, नवे काही फोन त्यांचंही ऐकतात. दरीत, दाट सागाच्या रानात, कड्याला लागून मात्र आवाज अडतो, आपटून येतो, आणि निळा ठिपका वेड्यासारखा उड्या मारतो. अशा वेळी मोकळ्यात येऊन दोन मिनिटं उभं राहावं.

म्हणजे फोन विमानातल्या मोडवर टाकला तरी जीपीएस चालतं. तसा टाकावाच, कारण नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते. नेटवर्क लागतं ते नकाशासाठी. नकाशा घरूनच उतरवून नेला नाही तर पांढऱ्या पडद्यावर एकटा निळा ठिपका. तू कुठे आहेस ते त्याला ठाऊक. पण आजूबाजूला काय आहे, ते काहीच नाही.

गुगलचा नकाशा सगळ्यांकडे असतो, आणि गाडीने जायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तो उतरवून घेतला तरी नेटवर्कशिवाय पायी चालायचा रस्ता सांगत नाही, फक्त गाडीचा सांगतो. डोंगरात गाडीचा रस्ता काय करायचा? त्यापेक्षा ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप बरी: ऑर्गॅनिक मॅप्स, ओस्मअँड. हा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला, आणि तो जगभरची साधी माणसं भरतात, आपल्या घराजवळची गल्ली, पाणवठा, पायवाट आपणच काढायची. ऑर्गॅनिक मॅप्स सोपं, एकदा राज्य उतरवलं की झालं, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. ओस्मअँडमध्ये हजार खटके आहेत. ज्यांना स्वयंपाकघरातले सगळे डबे एकदम उघडून बसायला आवडतं त्यांच्यासाठी ते. उंचीच्या रेषा दोन्हींत दिसतात. रेषा जवळजवळ आल्या की चढ खडा, एवढं कळलं तरी पुरे.

पण मला हवी होती ती एक गोष्ट कुठल्याच ॲपमध्ये धड मिळाली नाही. विहीर. चौक्याला नळाचं, बोअरचं पाणी चालत नाही. विहिरीचं हवं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं, आणि फडक्यातले जीव पुन्हा त्याच विहिरीत हलक्या हाताने सोडायचे. लंडनला बसून उपग्रहाच्या फोटोवरून नकाशा काढणाऱ्याला आपल्या विहिरीची काय गरज? शेवटी विहिरी सापडल्या त्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कागदी नकाशात. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर असे ते नकाशे; २०१७ पासून बरेच संगणकावर फुकट उतरवून घेता येतात. त्यात निळ्या बारक्या गोलांनी विहिरी दाखवलेल्या असतात. पाहणी जुनी, त्यामुळे निम्म्या विहिरी बुजलेल्या निघाल्या. निम्म्या होत्या.

हा विभाग आपल्या वाटेवरचाच, बरं का. नागपूरला जाताना हिंगणघाट लागतं, तिथं लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासपासून हिंदुस्थान मोजत निघालेला माणूस, अर्ध्या टनाचं यंत्र माणसांच्या खांद्यावरून वाहत. हैदराबादहून नागपूरकडे जाताना १८२३ च्या जानेवारीत तो हिंगणघाटला वारला. म्हणजे ज्या बाजूने आमचे माताजी आले त्याच बाजूला तो निघाला होता, उलट्या दिशेने. हे मला भाच्याने सांगितलं, आणि तेव्हापासून हिंगणघाटवरून जाताना मला कापसाच्या बाजाराआधी तो आठवतो.

आता हातात धरायचं यंत्र. गार्मिनची ईट्रेक्स म्हणून जी येतात तशा जातीचं. किंमत पाच आकडी, पडदा काडेपेटीएवढा, माझ्या वयाच्या बाईला चष्म्यावर चष्मा लागेल असा. मग घ्यायचं कशाला? दोन पेन्सिल सेलवर ते दिवसभर चालतं, संपले तर इच्चोड्याच्या किराणा दुकानातही सेल मिळतात. भिजलं तरी बिघडत नाही. बटणं आहेत, त्यामुळे कणकेच्या हाताने, ओल्या हाताने दाबता येतं. फोनचा पडदा ओल्या बोटाला ओळखत नाही. पडलं तरी फुटत नाही, फोन पडला की काळजात धस्स होतं. आपल्यासारख्या रविवारी चालणाऱ्या बाईला माझ्या मते ते लागत नाही. एक बरा फोन आणि एक पॉवरबँक पुरते. पण चार दिवस रानात राहायचं असेल, किंवा दुसऱ्या कुणाची जबाबदारी अंगावर असेल, तर दोन्ही असावीत. एक फोन आणि त्याच फोनवर तीन ॲप म्हणजे तीन यंत्रं होत नाहीत.

आणि एक, परदेशातून कुणी भाऊ-भाचा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणून देत असेल तर घेऊ नकोस. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडाच्या धावपटू बाईला त्यापायी अडकवलं होतं. नुसतं ऐकणारं जीपीएस चालतं, उपग्रहाशी बोलणारं चालत नाही. म्हणून तू कुठे आहेस हे तुला कळलं तरी घरच्यांना कळत नाही, हे ध्यानात ठेव. निघताना कागदावर लिहून फ्रिजला लावायचं: कुठे, कोणत्या वाटेने, किती वाजता परत.

गावांच्या नावांचं तर विचारूच नकोस. आपल्याकडे प्रत्येक दुसरं गाव गुडा. एकाच नावाचे तीन गुडे, इंग्रजीत तिघांचं स्पेलिंग वेगळं, तेलुगूत आणखी वेगळं. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात सिरपूरही दोन, एक उटनूरचं, एक कागजनगरकडचं. आमच्या एका आत्याबाईंना अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या शिरपूरला जायचं होतं, वाशीमकडच्या. ड्रायव्हरने नकाशात शिरपूर घातलं आणि गाडी निघाली धुळ्याच्या शिरपूरला. त्यातून मालेगाव लागतं का विचारलं तर हो, लागतं, दोन्हीकडे लागतं! अकोल्यापुढे गेल्यावर आत्याबाईंना संशय आला. म्हणून नाव घालू नये. जागेवर बोट ठेवून खूण करावी.

तर आम्ही नोव्हेंबरात एका सकाळी पाहणीला निघालो. कव्वालच्या व्याघ्र प्रकल्पात पाय टाकायचा नाही, हे आधीच ठरवलेलं. तिथं परवानगी लागते, आणि लागावीच. तिपेश्वरकडचे वाघ पैनगंगा ओलांडून भीमपूरकडे येतात हे आता लहान पोरंही सांगतात. आमची वाट शेतांमधली आणि डोंगराच्या कडेची. नकाशात एक तुटक रेषा होती, डोंगराच्या सोंडेला वळसा घालून थेट पलीकडच्या गुड्यात उतरणारी. पायवाट. आम्ही खूश. तासभर चाललो. हळूहळू दगड वाढले, वाट अरुंद झाली, दोन्हीकडे दरड आली, मग पायाखाली चिखल, मग पाणी. निळा ठिपका मात्र बरोबर रेषेवर! भाचा म्हणे, "मावशी, आपण अगदी वाटेवर आहोत." जाऊबाई म्हणाल्या, "वाटेवर आहोत, पण वाट कुठं आहे?"

दुपार कलली. आमचा चौघांचाही चौविहार, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही. जवळ पाणी होतं, पण वहिनींना चक्कर यायला लागली होती. परत फिरावं तर तास-दीड तासाचा रस्ता, पुढे जावं तर काय आहे कळत नव्हतं. घाबरले मी, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात वरच्या दरडीवरून हाक आली. कापूस वेचणारी एक गोंड म्हातारी, वटी कापसाने फुगलेली. "कोठं चाल्ल्या गं माय?" मी पडदा दाखवला. तिने पडद्याकडे पाहिलंच नाही, आमच्या पायांकडे पाहिलं. "हे वाट नोहे. नाला हाय हा. भादव्यात इथं बैल वाहून जाते."

कुणीतरी उन्हाळ्यातला उपग्रहाचा फोटो बघून कोरड्या नाल्याला पायवाट समजून रेषा ओढली होती. तो कोणता नकाशा होता ते लिहीत नाही. अशी चूक कुठल्याही नकाशात होऊ शकते. म्हातारीने आम्हाला बांधाबांधाने तिच्या गुड्यात नेलं. तिचा मुलगा गुड्याचा पटेल. दिवस मावळायच्या आत आम्ही त्यांच्या ओट्यावर पाणी पिऊन बसलो होतो.

पटेलांना सगळं सांगितलं. अनवाणी चालणाऱ्या साध्वी, गाडीत बसत नाहीत, दिवसातून एकदाच जेवतात आणि पाणीही तेव्हाच पितात. मला वाटलं हे त्यांना विचित्र वाटेल. ते म्हणाले, आमचे मेश्राम लोक पूसच्या महिन्यात केस्लापूरच्या नागोबासाठी गोदावरीचं पाणी आणायला अनवाणीच जातात, हस्तिनमडुगूपर्यंत, कित्येक दिवस. मग म्हणाले, "तुमच्या बायांना कशी वाट पाहिजे?"

हा प्रश्न मला कुठल्याही ॲपने विचारला नव्हता. ॲप विचारतं: गाडी, सायकल की पायी? माताजींना पाहिजे प्रासुक वाट. ज्या वाटेवरून आधीच गाड्या, बैल, गुरं, माणसं गेलेली आहेत, जी तुडवून निर्जीव झाली आहे, तिच्यावरूनच त्यांनी उजेडात चालायचं. आपल्या जुन्या आचारग्रंथांत हेच सांगितलंय. हिरव्या गवतावर पाय नको. म्हणजे आपल्याला जी गवतातली सुंदर पायवाट वाटते ती त्यांच्या कामाची नाही, आणि जी खडबडीत, शेणाने भरलेली बैलगाडीची चाकोरी आपण टाळतो ती उत्तम. हे मी पटेलांना सांगितलं तर ते हसले. "म्हणजे ढोराची वाट. ते आहे ना."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पुढे चालले, आम्ही मागे, आणि भाच्याने यंत्र आणि फोन दोन्हींवर चाललेली वाट नोंदवत नेली. ट्रॅक म्हणतात त्याला. चालताना यंत्र दर थोड्या वेळाने एकेक ठिपका टाकत जातं, आणि घरी आल्यावर तुमची आख्खी वाट दोऱ्यासारखी समोर. विहिरींवर खुणा केल्या. कुठे कुत्री आहेत, कुठे काटेरी कुंपण, कुठे शाळेची पडवी, सगळं. जीपीएसचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला: माहीत असलेल्याच्या मागून चालायचं आणि विसरायचं नाही.

विसरण्यावरून सासूबाई आठवल्या. त्यांनी दिग्व्रत घेतलेलं होतं. दहाही दिशांना आपण कुठवर जाणार त्याची मर्यादा ठरवायची आणि ती जन्मभर पाळायची. आजच्या मुलींना हे नवल वाटेल. मर्यादा कशी ठरवायची, तर समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडकात सांगितल्याप्रमाणे नदी, रान, डोंगर, देश, नाहीतर योजनांचं अंतर अशा प्रसिद्ध खुणांनी. सासूबाईंच्या वहीत लिहिलेलं होतं: दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला वर्धा. तीर्थयात्रेची आणि आजारपणाची सूट. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच दोष सांगितलेत, वरची मर्यादा ओलांडणं, खालची, आडवी, एका बाजूचं क्षेत्र वाढवून घेणं, आणि पाचवा दोष म्हणजे ठरवलेली मर्यादा विसरून जाणं. त्या निरक्षर नव्हत्या, पण नकाशा त्यांनी कधी हातात धरला नाही. बासरला गोदावरीच्या काठावर उभं राहून नुसतं पाहिलं आणि परत आल्या, असं मामंजी सांगायचे.

आता ती चूक.

पाहणी झाली, सगळं ठरलं. पहिल्या आतल्या टप्प्याचा मुक्काम एका शाळेत. निघायच्या आदल्या दिवशी निरोप आला, शाळेत दुसरंच काही आलंय, जागा नाही. धावपळ. ओळखीच्या एकांनी आपलं शेतातलं घर देऊ केलं, तिथं विहीरही होती. त्यांनी जागेची खूण फोनवर पाठवली, मी ती यंत्रात घातली. यादीत त्या खुणेसमोर आकडा आला: ११.२ किलोमीटर. मी माताजींना जाऊन सांगितलं, "वंदामि माताजी. उद्या अकरा किलोमीटर." त्यांच्या चालीने सव्वातीन तास. सूर्य उगवल्यावर निघून दहापर्यंत पोचणार, थोडी विश्रांती, मग आहार. चौका लावायला आम्ही बायका गाडीने पुढे गेलो. भाचा रजा संपवून परत गेलेला.

यंत्राच्या यादीतलं अंतर हे हवाई अंतर असतं, सरळ रेषेत, पक्ष्याने उडत जावं तसं. चाललेल्या वाटेचं नाही. हे मला माहीत होतं. भाच्याने दोनदा सांगितलं होतं. घाईत मी आकडा वाचला आणि तोच अंतर धरून बसले. मध्ये डोंगराची सोंड होती, आणि बैलगाडीची वाट तिला पूर्ण वळसा घालून येत होती. जमिनीवर ते सोळा किलोमीटर भरलं.

दहा वाजले, साडेदहा वाजले. चौक्यात पाणी तापवून ठेवलेलं, सगळ्या बायका सोवळ्यात, कलश-नारळ घेऊन पडगाहनाला उभं राहायच्या तयारीत. अकरा वाजले. फोन लागेना. सव्वाअकराला पटेलांचा मुलगा धावत आला आणि म्हणाला, येतायत. मागून पांढऱ्या साड्या दिसल्या. दोघी माताजी पुढे होत्या. मोठ्या माताजी खूप मागे, त्यांच्यासोबत दीदी. शेवटच्या दीड किलोमीटरला तुरीच्या शेताच्या कडेने, उशीर झाला म्हणून भरभर येताना, त्यांच्या टाचेत खुंट घुसला होता.

त्या आल्या, पाय धुतला, फडकं बांधलं नाही. आहाराला उठल्या. पहिली ओंजळ पाण्याची घेतली, आणि खाली बघताना त्यांना स्वतःच्या पायातून वाहणारं रक्त दिसलं. रक्त वाहताना दिसलं की अंतराय. त्यांनी ओंजळ सोडली. संपलं. आता पाणीसुद्धा उद्याच, दहा वाजता. आदल्या दिवशीच्या सकाळपासून पाणी नाही, सोळा किलोमीटर अनवाणी चाल, आणि आता आणखी एक दिवस. वहिनी रडायला लागल्या. सगळ्यांना वाटलं कर्माचा उदय. मीही तेव्हा तसंच म्हटलं. खुंटाचं कुणाला काय करता येणार?

दुपारी यंत्रातला दिवसभराचा ट्रॅक बघितला तेव्हा कळलं. १६.१. सामायिक झाल्यावर मी माताजींजवळ गेले, म्हटलं, "माताजी, चूक माझी झाली. मी हवाई अंतर सांगितलं." त्यांना कमी ऐकू येतं, मला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. त्यांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि विचारलं, "उद्याचं किती आहे गं?"

मी उत्तर दिलं नाही. पटेलांच्या मुलाला घेतलं, यंत्र शून्यावर आणलं आणि दिवस मावळायच्या आत उद्याची वाट पायाने चालून आले. गाडीने परतले तेव्हा अंधार पडलेला होता. सकाळी त्यांना सांगितलं, "नऊ किलोमीटर आणि वर तीनशे पावलं." त्या पावणेदहाला पोचल्या. आहार निरंतराय झाला. ओंजळीत पाणी घालताना माझा हात थरथरत होता, ते त्यांना दिसलं असणार.

निर्मलपर्यंत संघ पोचला. पुढचं हैदराबादच्या श्रावकांनी पाहिलं. मंडळात मी एवढंच सांगितलं, की आतली वाट चांगली निघाली.

तर बाई, तुझ्यासाठी: फोन पुरे. ऑर्गॅनिक मॅप्स घाल, तेलंगणा उतरव, आणि पैनगंगेपलीकडे माहूरला जायचं असेल तर महाराष्ट्राचा भागही. पॉवरबँक घे. विहिरी बघायच्या असतील तर सर्वेक्षण विभागाचा नकाशा माझ्याकडे छापलेला आहे, घेऊन जा. पावसाळ्याचे चार महिने जाऊ नकोस, आपल्यालाही आणि त्या जिवांनाही. कुठलाही आकडा दिसला की आधी विचार, हा हवेतला का जमिनीवरचा.

तो ट्रॅक अजून माझ्या फोनात आहे. मुलगा म्हणतो जागा खातोय, पुसून टाक. मागच्या महिन्यात पटेलांच्या नातीने नवा फोन घेतला, ती नर्सिंगला आहे आदिलाबादेत, रविवारी आमच्याकडे येते. तिला मी तो पाठवला. तिने नकाशा मोठा केला, खाली-वर सरकवला आणि म्हणाली, "आजी, आमचा गुडा इथं दिसतच नाही." मग आम्ही दोघी बसलो आणि ओपनस्ट्रीटमॅपवर तिचा गुडा भरला. नाव तिने गोंडीत घातलं. तिने विहीर घातली, शाळा घातली, आणि दरडीखालच्या त्या नाल्याला निळ्या रेषेने नाला म्हणून काढलं. तिची पणजी ज्या शेतात कापूस वेचत होती ते कुठलं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.